बुधल्यांची घंटा

"...पण ढगाला कान असतात का, ब्रदर?"

इनीगोनं विचारलं आणि स्वतःच हसला. सकाळची वेळ होती. ब्रदर सेलेदोनियो मठाच्या मनोऱ्यात घंटेच्या आसाला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गारांचा ढग दिसला की तुम्ही घंटा बडवता. का, तर ढगानं मागे फिरावं. शिकल्यासवरल्या माणसानं हे खरं मानायचं?"

"दोर जरा झिजलाय," ब्रदर म्हणाले.

स्पेनमधल्या एका डोंगरावर हा मठ. खालच्या उतारावर मठाच्या द्राक्षवेली होत्या. शंभरी ओलांडलेल्या, गुडघ्याएवढ्या, खडकात पाय रोवून बसलेल्या. घड मोजके धरत, पण त्यांची लाल वाइन एकदा चाखलेला माणूस दुसरीकडे जात नसे. आणि मठ ती विकायचा कशी, तर मेंढपाळालाही रोजच्या पावाबरोबर परवडेल अशी.

वाइन तयार झाली की मनोऱ्यातून दोन टोले पडत. जरा थांबून पुन्हा दोन. मग गावातली माणसं वाइन भरून न्यायला चामड्याचे बुधले घेऊन तळघराच्या दाराशी येत. त्या टोल्यांना पंचक्रोशीत सगळे बुधल्यांची घंटा म्हणत.

इनीगोला या स्वस्ताईची लाज वाटे. तो शहरातून वाइनचं शास्त्र शिकून मठाची वाइन करायला आलेला, तेव्हा नाक जरा वरच असणार. मठाधिपतींच्या मागे लागून त्यानं या वर्षी एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. सर्वांत वरच्या उताराची द्राक्षं वेगळी काढायची. त्यांची वाइन वेगळ्या पिंपात, वेगळ्या बाटल्यांत, आणि बाटलीवर नाव इनीगोचं.

"ती कोणासाठी?" ब्रदरनी तेव्हा विचारलं होतं.

"ज्याला तिची किंमत कळते त्याच्यासाठी."



तोडणी परवावर आली होती. इनीगो देव पाण्यात घालून बसला होता. रोज दहादा वरच्या उतारावर जायचा, एकेक मणी चाखायचा आणि परत यायचा. त्याला जेवण जात नव्हतं.

आणि त्याच दिवशी दुपारी ढग आला.

काळा नव्हता. काळ्याला कोणी भीत नाही. हा हिरवट, पोटाशी पांढरा, गारांचा होता. इनीगोच्या तोंडचं पाणी पळालं. तो जिना चढत मनोऱ्यात आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"ब्रदर... वाजवा."

"काय?"

"घंटा. लवकर. तो वरच्या उतारावरच येतोय."

ब्रदरनी त्याच्याकडे पाहिलं. सकाळच्या थट्टेची आठवण करून दिली नाही, हे त्यांचे उपकार. दोर त्याच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीला टेकून बसले.

इनीगो वाजवत सुटला. शास्त्र कुठल्या कुठे गेलं. दोराला लोंबकळावं तसा तो ओढत होता, डोळे ढगावर, ओठांवर लहानपणीच्या प्रार्थना. दोन टोल्यांच्या मध्ये त्याला अचानक दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, जरा फुटका.

"हे काय?"

"डोंगरापलीकडच्या गावाची घंटा," ब्रदर म्हणाले. "आपण ढग त्यांच्याकडे ढकलतो. ते आपल्याकडे."

इनीगोचे हात क्षणभर अडले.

मग तो आणखी जोरात ओढू लागला.

ढग कड्यावर आला. थांबल्यासारखा झाला. आणि हळूहळू पलीकडे उतरला. गाडीतून खडी ओतावी तसा आवाज तिकडून आला. इकडे चार थेंबही पडले नाहीत.

"गेला!" इनीगो ओरडला. "ब्रदर, वाचलो आपण."

ब्रदर ऐकत होते. म्हणून तोही ऐकू लागला.

फुटकी घंटा वाजत होती... वाजत होती... आणि बंद पडली.

इनीगोचे तळवे सोलून निघाले होते, ते त्याला आता कळलं. तिकडच्या वेलीही जुन्याच होत्या. तिकडची तोडणीही परवाच होती.

"ब्रदर... माझ्यामुळे गेला का तो तिकडे?"

"ढगाला कान असतात का?"

"नसतात."

"मग झालं तर."

इनीगो खाली बसला. "पण मी वाजवत होतो," तो म्हणाला. "तिकडे जावा म्हणूनच वाजवत होतो."

ब्रदर उठले, दोर धरला. दोन टोले. जरा थांबले. पुन्हा दोन टोले.

"ही तर बुधल्यांची घंटा," इनीगो म्हणाला. "तिकडच्यांना बोलावताय?"

"हं."

"आपल्याच गावाला वाइन जेमतेम पुरते, ब्रदर."

"जेमतेम," ब्रदर म्हणाले, आणि पुन्हा दोन टोले दिले.

इनीगो खिडकीतून वरच्या उताराकडे बघत राहिला. एकही पान फाटलं नव्हतं. ऊन पडलं होतं, घड चमकत होते. इतकी सुंदर द्राक्षं त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती आणि त्याला ती बघवत नव्हती.

"वरची द्राक्षं..." तो म्हणाला. "वरची द्राक्षं नेहमीच्या मोठ्या टाकीत घातली तर पुरेल. दोन्ही गावांना."

ब्रदर बाजूला सरकले.

इनीगोनं दोर घेतला. हाताची आग होत होती. दोन टोले. जरा थांबून पुन्हा दोन. कड्याच्या पलीकडून काहीच उत्तर येत नव्हतं.

"पण ब्रदर, वाइन व्हायला अजून दोन महिने आहेत," त्यानं न थांबता विचारलं. "त्यांना आजच कशाला बोलवायचं?"

"वाइन दोन महिन्यांनी मिळेल. पण झोप त्यांना आजच लागायला हवी."