जांभळीनं मिटलेलं तोंड

फार मागं, गुरं आपसांत बोलायची तेव्हाची गोष्ट. म्हातारी जांभळी गाय गोठ्यात सगळ्यांहून जास्त दूध द्यायची, पण वय झालं तशी गाभण राहीना. या खेपेला वळू दाखवून आणल्यावर मालक म्हणाला, "पुन्हा माजावर आलीस, म्हणजे गाभण राहिली नाहीस, तर थेट बाजार."

ती माजावर आलीच. शेजारची कालवड म्हणाली, "आत्या, हंबर की, म्हणजे मालकाला माज कळेल. अजून एकदा वळू दाखवून बघतील."

"बाजारात नेतील," म्हणत जांभळीनं तोंड मिटलं.

ती गाभणच आहे असं समजून मालकानं रीतीप्रमाणं सातव्या महिन्यात तिचं दूध आटवलं. दिवस भरले, वासरू काही आलं नाही. "आधी कळतं तर दूध आटवलं नसतं, दुधासाठी तरी ठेवली असती," म्हणत त्यानं तिचं दावं सोडलं आणि तिला बाजारात नेलं.

दुसऱ्या दिवशी कालवड पहिल्यांदाच माजावर आली. तिनं रिकाम्या खुंट्याकडं पाहिलं, आत्याचं 'बाजारात नेतील' आठवलं आणि तोंड घट्ट मिटलं.