टाक्यातला चुना

"पण भिंत ओल धरते कुठून, वस्ताद? वरून गळत नाही, खाली झरा नाही. मग कुठून?"

रेवण जिरगे चपला काढून अंगणात उभा होता. आता तो शहरातला मोठा आर्किटेक्ट. जुन्या इमारती दुरुस्त करण्यात नाव कमावलेला. त्याआधी दोन वर्षं तो इथंच, केरबा वस्तादांच्या हाताखाली चुनाकाम शिकला. माझ्याच बरोबर. तेव्हाही गड्याला सगळ्याची घाई.

तीन वर्षांपूर्वी मठाचं धान्याचं कोठार दुरुस्त करायचं काम त्याला मिळालं. जुनं, दगडी कोठार. मठात रोज तीनशे माणसं जेवतात, ती त्याच धान्यावर. यंदाच्या पावसात कोठाराच्या भिंती आतून ओल्या झाल्या आणि निम्मी ज्वारी काळी पडली.

वस्ताद कट्ट्यावर बसून ओळंब्याची दोरी गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दगडच हलका असणार," रेवण म्हणाला. "नाहीतर पाऊस. हल्ली पाऊसही पहिल्यासारखा राहिला नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, मी मनात म्हटलं आणि वाळू चाळत राहिलो.

"गिलावा आणलास?" वस्तादांनी विचारलं.

रेवणनं रुमाल सोडला. आत गिलाव्याची एक खपली होती, वरून पांढरीशुभ्र.

वस्तादांनी ती उलटी करून शेजारी ठेवली. तांब्यात बोट बुडवलं आणि एक थेंब कट्ट्यावर सोडला. कट्ट्याचा गिलावा त्यांच्या वडिलांच्या हातचा, चुन्याचा. थेंब लगेच मुरला.

दुसरा थेंब त्यांनी खपलीवर सोडला.

तो तसाच बसून राहिला.

आम्ही तिघं त्या थेंबाकडे बघत होतो. मलाच रेवणकडे बघवेना.

"सिमेंट आहे," शेवटी तोच म्हणाला. "वरून नुसता चुन्याचा हात दिलाय. उद्घाटनाची तारीख ठरली होती, वस्ताद. चुना सुकेपर्यंत कोण थांबतंय..."

वस्ताद पुन्हा दोरी गुंडाळू लागले.

"दगडातली ओल बाहेर पडायला मी वाटच ठेवली नाही. मला कळत होतं. तुम्हीच तर शिकवलं होतं."

रेवणनं खपली परत रुमालात गुंडाळली.

"दारावर पाटी आहे. पारंपरिक चुनाकाम म्हणून. खाली तुमचं नाव घातलंय, माझे गुरू म्हणून. मठाचे स्वामी म्हणाले, केरबांचा शिष्य आहे, त्याचं काम खोटं असणार नाही. ज्वारीच नीट वाळवली नसेल. कोठी सांभाळणारे आप्पा आहेत ना, त्यांच्यावर आलं सगळं. वीस वर्षांची किल्ली काढून घेतली त्यांची. मी तिथंच उभा होतो."

"आणि?"

"बोललो नाही."

वस्तादांनी दोरीची गुंडाळी खाली ठेवली.

"आज जाऊन ती पाटी काढतो," रेवण घाईघाईनं म्हणाला. "तुमचं नाव तरी..."

"पाटीनं काय केलंय? सिमेंट काढ," वस्ताद म्हणाले. "आणि त्याच्या आधी आप्पांकडे जा. स्वामींच्या समोर सांग."

रेवणनं मान हलवली. खाली बघतच म्हणाला, "सगळं खरवडून काढतो. पण नवा चुना भिजवून मुरायला आता किती महिने..."

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. परसात गेले. आम्ही मागोमाग. तिथल्या टाक्यावरची फरशी त्यांनी मला सरकवायला लावली.

आत वीतभर पाणी, त्याखाली चुना. काठोकाठ.

"तुला कोठाराचं काम मिळालं ना," वस्ताद म्हणाले, "त्या आठवड्यात भिजवला."

तीन उन्हाळे त्यावर मी पाणी घालत होतो. कुणासाठी, ते मला ठाऊक होतं. दोनदा म्हटलंही, आता काही तो येत नाही, दुसऱ्या कामाला वापरू. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. मला राग आला होता तेव्हा.

रेवण टाक्याच्या काठाशी बसला. बाही वर न करता त्यानं हात आत घातला आणि मूठभर चुना वर काढला. लोण्यासारखा मऊ होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"मला बोलावलं का नाही, वस्ताद?"



रेवणचे डोळे भरून आले. चुना टाक्यात सोडून तो त्याच हातानं डोळे पुसायला गेला. वस्तादांनी खाली वाकून त्याचं मनगट धरलं.

"चुन्याचा हात डोळ्याला लावायचा नसतो, रेवण. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला."