हौसाईचा कडुलिंब

फार वर्षांपूर्वी, खैरमाळावर मेंढ्या जास्त आणि माणसं कमी होती, तेव्हा तिथं हौसाई नावाची एक धनगरीण राहायची. तिचा एकुलता एक लेक बिरा तापाच्या साथीत गेला. मागं राहिला त्याचा कुत्रा, काजळ्या. बिराचं नाव घेतलं की मान वर करणारं त्या घरात तेवढंच एक जण उरलं होतं. म्हणून हौसाई रोज एकदा ते नाव घ्यायची.

एका सकाळी लांडग्यानं काजळ्याची मांडी फाडली. पलीकडच्या गावाहून गुरांचे वैद्य गुणाजी आले. त्यांनी जखम साफ केली आणि बजावलं, "शिवायची नाही, बांधायची नाही. लिंबाचा पाला उकळायचा, पाणी कोमट झालं की दोन वेळा धुवायची. चाटू द्यायचं नाही, माशी बसू द्यायची नाही. तळापासून भरत येईल. वरनं आधी मिटू देऊ नका, हौसाबाई."

"आणि चावला तर, वैद्यबुवा?"

"चावू दे. त्याला तरी दुसरं कोण आहे चावायला?"

हौसाई जवळ बसून राहिली. दिवसभर पदरानं माशा हाकलायची. आठव्या दिवशी तळाशी लाल, ओलं मांस दिसू लागलं. पण ती उघडी जखम तिला बघवेना. लोकर कातरताना मेंढीला कातर लागली, की जळक्या लोकरीची राख तेलात कालवून दाबायची, घाव मिटतो. जन्मभर तिनं शेकडो मेंढ्यांना तसंच केलं होतं. तेच हात राखेकडे गेले.

दोन दिवसांत खपली धरली. हौसाईनं वाडीत गूळ वाटला. तिसऱ्या दिवशी मांडी भोपळ्यासारखी फुगली. गुणाजी पुन्हा आले, त्यांनी खपली उघडली आणि आतल्या पुवातली काळी राख बोटावर घेतली.

"राख लावली?"

"मेंढीला लावतो तशी."

"मेंढीला ओरखडा असतो, बाई. हा खड्डा होता."

दिवस मावळताना तिनं काजळ्याच्या कानाशी बिराचं नाव घेतलं. कान हलला. मान उठली नाही.

असं म्हणतात, की पुढं बारा वर्षं ती रोज दोन वेळा लिंबाचं कोमट पाणी काजळ्याला पुरलं त्या जागी ओतत राहिली. तिथं कडुलिंब उगवला. त्याच्या बुंध्याला एक चीर आहे. झाड वाढलं, चीर मिटली नाही. भर उन्हाळ्यातही ती ओली असते. लांबलांबची जखमी कुत्री आपणहून तिथं येऊन पडतात, असं म्हणतात.

हौसाई गेली, तेव्हा ते नाव घेणारं कोणी उरलं नाही. वाडीनं ते काम उचललं. आजही झाडाखाली मडक्यात लिंबाचं पाणी भरलेलं असतं. ज्याचं जनावर जखमी असेल त्यानं न्यावं. नेताना एकदा मोठ्यानं "बिरा" म्हणायचं, आणि सावलीत पडलेल्या कुत्र्यांपैकी कुणी मान वर करतं का, ते बघायला थोडं थांबायचं.

आजवर कुणी केलेली नाही. तरी माणसं थांबतात.