तारेत अडकलेलं वाक्य

एके काळी अंडी उबवायच्या पेटीत चिपी नावाची चिप आणि तापूअण्णा नावाचा तापमापक राहायचे. अण्णा ऊब किती ते सांगायचे, त्याप्रमाणे चिपी ऊब देणारा दिवा लावायची-विझवायची. दोघं एकाच तारेवरून, ठरलेल्या वेगाने बोलायचे. पण चिपीला भारी घाई!

"अण्णा, किती रेंगाळता हो! आता चौपट वेगाने बोलूया," ती म्हणाली, आणि वाक्य अजून तारेतच असताना तिने वेग बदललासुद्धा. अण्णांपर्यंत ते धड पोचलंच नाही. ते आपले जुन्याच वेगाने बोलत राहिले.

चिपीला नुसती खरखर ऐकू यायला लागली. "काय बरळताय अण्णा?" ती हसली. खरखर थांबेना, तेव्हा घाबरून ती जुन्या वेगावर परतली.

"दिवा विझव गं पोरी, अंडी भाजतायत!" अण्णा ओरडत होते.

तिने दिवा विझवला. पण अंड्यांमधली पिल्लांची टकटक थांबली होती.

पेटीत नवी अंडी आली. चिपी अजूनही वेग बदलते, पण आधी विचारते, "ऐकलंत ना अण्णा?" आणि "हो" येईपर्यंत थांबते.