उपड्या भाताचा पहिला घास

एका राज्यात, जिथे वाळू फार आणि विहिरी थोड्या, हारिस नावाचा राजा होता. त्या राज्याची एक रीत होती. पाहुणा आला की मकलूबा रांधायचा, म्हणजे उपडा भात. मांस, वांगी आणि तांदूळ पातेल्यात थरांनी लावून शिजवायचे आणि पातेलं परातीवर उपडं घालायचं. भात बुरुजासारखा उभा राहतो आणि माथ्यावर येतो मांसाचा उत्तम तुकडा. तो पाहुण्याचा. त्याचं जेवण होईस्तोवर यजमानाने उभं राहायचं. आणि एकदा मीठ खाल्लं की यजमानाने पाहुण्याला मारायचं नाही, पाहुण्याने यजमानाला मारायचं नाही.

एके दिवशी ओबैद नावाचा तरुण व्यापारी राजासाठी नजराणा म्हणून एक मेंढा घेऊन आला. परात मांडली गेली. ओबैदने रीतीप्रमाणे माथ्यावरचा तुकडा उचलून तोंडात घातला. राजा नुकताच लढाई जिंकून आला होता, डोक्यात हवा शिरली होती. "माझ्याआधी?" एवढंच म्हणाला आणि मांस कापायची सुरी त्याने ओबैदच्या गळ्यावर चालवली. मांसाच्या तुकड्यापायी माणूस कापला! रीत मोडली, मीठ बाटलं, आणि दरबारातला एकही मिशीवाला ब्र काढू शकला नाही.

ओबैदची आई सफूरा जादूगारीण होती. ती आली, तिने लेकाचे डोळे मिटले आणि राजाला म्हणाली, "आज तुला मारणार नाही. आधी तुझी मुलगी उपाशी मरेल. तू पोटभर जेवशील आणि बघशील. मग मी तुझ्यासाठी येईन."

त्या दिवसापासून राजकन्या जुमानाच्या तोंडात गेलेला प्रत्येक घास वाळू होऊ लागला. शेळीच्या दुधाचे थेंब तेवढे घशाखाली उतरत. लहानगी पोर, आईविना वाढलेली, तिच्या बरगड्या कपड्यावरून मोजता येऊ लागल्या. हकीम आले, मांत्रिक आले, सगळ्यांनी हात टेकले.

मग एका सकाळी खिडकीत डोक्यावर तुरा असलेला हुदहुद पक्षी येऊन बसला आणि बोलला, "राजा, शाप देणारीने तुझ्या हातचा मकलूबा खाल्ला तर शाप सुटेल. तांदूळ, वांगी आणि मांस, तिन्ही तूच आणायचं. रांधायचंही तूच."

"ती माझ्या हातचं खाईल?"

"बहुधा नाही," पक्षी म्हणाला.

तरी राजा निघाला. बाप होता, दुसरं काय करणार?

तांदूळ दलदलीत पिकत होता. तिथे राजाच्याच लढायांत बुडून मेलेले शिपाई कमरेभर पाण्यात उभे राहून कापणी करीत होते. त्यांनी राजाला ओळखलं. "तलवार दे," ते म्हणाले, "तिच्यापायी आम्ही इथे आहोत." राजाने तलवार पाण्यात टाकली. त्यांनी ओंजळी भरून तांदूळ दिला.

वांगी एका जिन्नाच्या बागेत होती. तो जिन्न माणसांच्या केसांचा काळा रंग काढून वांग्यांना लावीत असे. राजा बागेत शिरला तेव्हा तरुण होता, बाहेर पडला तेव्हा दाढी कापसासारखी पांढरी आणि पाठ वाकलेली. झोळीत मात्र काळीभोर वांगी होती.

मांस घरीच होतं. ओबैदने आणलेला मेंढा अजून तबेल्यात बांधलेला होता. राजा सुरी घेऊन गेला तेव्हा मेंढा म्हणाला, "सुरीला धार लाव. ओबैदच्या वेळी ती बोथट होती." राजाने दगडावर सुरी घासली आणि स्वतःच्या हाताने काम उरकलं.

मुदपाकखान्यात त्याने मांस दालचिनी-वेलचीच्या पाण्यात शिजवलं, वांग्याच्या चकत्या तळल्या, तांदूळ भिजवले. मग पातेल्यात आधी तांदूळ पसरले, वर वांगी, आणि सर्वांत वर उत्तम तुकडा ठेवला.

खिडकीतून पक्षी ओरडला, "जन्मभर नुसता खात आलास! हे पातेलं उपडं घालायचं असतं. वर ठेवशील ते खाली दबेल. पाहुण्याचा मान तळाशी ठेव."

राजाने सगळं पुन्हा काढलं आणि उलट्या क्रमाने लावलं. वर रस्सा ओतला, मीठ घातलं, झाकण ठेवलं. भात शिजू लागला.

सफूरा आली. पोरीचा शेवट बघायला तिला यायचंच होतं. जुमाना गालिच्यावर निजली होती, मान उचलत नव्हती. राजाने पातेलं परातीवर उपडं घातलं, बुडावर थापट्या मारल्या. आता थांबायचं, घाई केली की भात कोसळतो. पोर कण्हत होती आणि बाप हात बांधून थांबला होता. शेवटी त्याने पातेलं उचललं. भात उभा राहिला, माथ्यावर मांस.

सफूरा बसली, पण तिने हात लावला नाही. वाफ विरत चालली.

तेव्हा जुमानाने डोळे उघडले. समोर पाहुणी आहे आणि जेवत नाही, एवढंच त्या पोरीला कळलं. ती क्षीण आवाजात म्हणाली, "घ्या ना, आजी. भात निवतोय. तुमचं झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही."

सफूराने माथ्यावरचा तुकडा उचलला, तोंडात घातला आणि गिळला.

मग तिने भाताचा घास करून जुमानाच्या तोंडात दिला. भात भातच राहिला. पोरीने तो चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

राजा गुडघ्यांवर आला. "माते, आता माझा गळा घे."

"कसा घेऊ?" सफूरा किंचाळली. "तुझं मीठ माझ्या पोटात गेलं. आधी माझा लेक नेलास, आता माझा सूडही नेलास. ऊठ! पाहुणी जेवतेय, यजमानाने बसायचं नाही."

राजा उठून उभा राहिला. परात सरेस्तोवर तो उभाच होता. सफूरा मोठ्याने रडत होती आणि रडता रडता पोरीला एकेक घास भरवीत होती.