न सुटणारा जोड

एका गावात एक भोळा जावई होता. त्याचं नाव चैतू. तो भोळा आहे हे गावाला लग्नाआधीपासून माहीत होतं, सासऱ्याला मात्र लग्नानंतर कळलं.

सासरा रूपाजी धनुष्यं बनवायचा. त्यानं लेकीला, गिरजाला, माहेरीच ठेवून घेतलं आणि जावयाला बजावलं, "आधी आमचं काम शीक. मी ओढूनसुदिक सुटणार न्हाई असा एक जोड करून दाखव, मग खुशाल बायकोला घेऊन जा." चैतूचा बायकोवर फार जीव. तो सासुरवाडीलाच मुक्काम ठोकून कामाला बसला.

लाकडी धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला म्हशीच्या शिरांचा थर सरसानं चिकटवतात, म्हणजे ते ओढताना मोडत नाही. रूपाजी म्हणाला, "ह्या लाकडावर शिरा चिकटवायच्या हायेत. चांगलं तयार करून ठेव." चैतूनं लाकूड घासून गुळगुळीत केलं आणि वर वाटीभर तेल चोळलं. रूपाजीला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"आरं, तेलावर सरस धरतो व्हय? कायबी चिकटवायचं म्हंजे आधी कानशीनं खरवडायचं, मग राखेच्या पाण्यानं धुवायचं!"

"असं होय मामा! आता नाही चुकणार."

सकाळी गिरजा आरशापुढं बसली. कपाळाला मेण लावून ती त्यावर कुंकू चिकटवणार, तेवढ्यात एका हातात कानस आणि दुसऱ्या हातात राखेच्या पाण्याची बादली घेऊन चैतू हजर. गिरजाच्या किंकाळीनं शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

"शहाण्या, खरवडायच्या आधी इचारावं तरी!" रूपाजी ओरडला.

"असं होय मामा! आता नाही चुकणार."

दसरा तोंडावर आला. पाटलांचं धनुष्य त्याच दिवशी द्यायचं होतं. रूपाजीनं लाकूड जावयाच्या हाती दिलं आणि तो बाजाराला गेला. चैतू लाकडापुढं मांडी घालून बसला. "खरवडू का?" लाकूड काही बोलेना. त्यानं पुन्हा विचारलं. आवाज काही चढवला नाही, सासरचं लाकूड होतं. संध्याकाळी रूपाजी परतला तेव्हा चैतू लाकडाची समजूत घालत होता.

"लाकूड कधी हो म्हनतं का रं?" रूपाजीनं स्वतःच ते खरवडलं, धुतलं, वाळत ठेवलं. चुलीवर सरस शिजत घातला. मग म्हणाला, "शेजारच्या गावातनं शिरा घेऊन येतो. त्या लाकडाला बोट लावशील तर बघ! तू आपला मधल्या खांबाला टेकून बस. मी येईस्तोवर जागचा हलू नगंस."

रूपाजीला उशीर झाला. तो परतला दसऱ्याच्या सकाळी. सरसाचं भांडं रिकामं होतं.

मधल्या खांबाला टेकून चैतू उघडाच बसला होता. जागचं हलायचं नाही, म्हणजे जोड पक्का हवा. पिढ्यान्‌पिढ्या माणसं टेकून तो खांब तेलकट झालेला. चैतूनं तो आधी खरवडला. त्याला काही विचारलं नाही, कारण लाकूड हो म्हणत नाही हे तो शिकला होता. मग विटेनं स्वतःची पाठ खरवडली. स्वतःला मात्र आधी विचारलं, आणि तो हो म्हणाला. दोन्ही राखेच्या पाण्यानं धुतलं, वाळवलं, आणि सगळा सरस लावून टेकला.

रूपाजीनं दात-ओठ खाऊन त्याला ओढलं. चैतू बोंबलला, आढ्यावरून धूळ पडली, पण जोड काही सुटला नाही. असा जोड रूपाजीनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

गिरजा बोचकं घेऊन बाहेर आली. "बाबा, तुमीच म्हनला हुता. वढूनबी सुटला न्हाई, तर मी जायाची."

रूपाजीनं खांबाकडे पाहिलं. मग वर पाहिलं. घराचं सगळं छप्पर त्याच खांबावर होतं.

चैतू खूश झाला. "मामा, मग निघू का आम्ही?"