डुगडुगणारा बाक

“…पण तो सोनकुसरे शेठ तुम्हालाच एवढ्या कमी भावात बाक का देतो?”

वैरागडे सरांनी हे विचारले, आणि त्यांच्याखालचा बाक डुगडुगला. सर सावरून बसले. बाक दुसऱ्या बाजूला कलला.

झोडे गुरुजींनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

“जपून,” गुरुजी म्हणाले.

झोडे गुरुजी मोहघाटच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या शब्दावर त्यांची धरून आसपासच्या नऊ शाळा खडू, फळे, टाटपट्ट्या, बाक असे सगळे एकत्र विकत घेत. नऊ मुख्याध्यापकांचे एका गोष्टीवर एकमत होते, हे पाहायलाच लोक लांबून येत. खरेदीचे नवल नंतर.

वैरागडे सर तलावापलीकडच्या पळसबोडीच्या शाळेवर नव्याने आले होते. दोन विषयांत एम.ए. होते आणि भाव करण्यात त्याच्याही पुढचे. कोथिंबीर घ्यायला गेले तर मिरच्या फुकट आणत. आणल्या की चार जणांना सांगतही.

यंदा मात्र त्यांचा भाव अडला होता.

पळसबोडीत नववीचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. खोली झाली, फळा लागला, बाक नव्हते. आलेल्या अनुदानात अर्ध्या वर्गापुरतेच बाक बसत होते. उरलेल्यांनी जमिनीवर बसायचे. ते कोणी, हे सरांनी ठरवायचे होते आणि सर ते ठरवणे टाळत होते. मुलांनी टाळले नाही. त्यांची आतापासूनच जुंपली होती.

नऊ शाळांचा भाव मिळाला तर सगळा वर्ग बाकांवर बसणार होता. म्हणून सर आले होते. शिकायला नव्हे, असे त्यांनी घरून निघताना सांगितलेही होते.

“शेठ मला काही वेगळं देत नाही,” गुरुजी म्हणाले. “नऊ शाळांचे बाक एकाच मापाचे. लाकूड एकदाच कापायचं, गाडी एकदाच भरायची. त्याचे कष्ट वाचतात, तेवढं तो भावात सोडतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सरांना वाईट वाटले. त्यांना काहीतरी युक्ती हवी होती.

“आमच्या बाकांवर पाठीमागे संस्थापकांचं नाव कोरलेलं असतं,” सर म्हणाले. “आणि उंची दोन बोटं जास्त. ते ठेवावं लागेल.”

“ठेवा की. मग तुमचं लाकूड वेगळं कापावं लागेल.”

“भाव?”

“तोही वेगळा.”

…

“नाव राहू द्या,” सर म्हणाले. संस्थापकांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांची हरकत येणार नव्हती.

सरांनी चहा संपवला. बाक पुन्हा कलला, आणि इतका वेळ जिभेवर असलेले ते बोलून गेले.

“रागावू नका गुरुजी. पण नऊ शाळांची खरेदी करणाऱ्याच्या कार्यालयात हा बाक? शेठनं तुम्हाला बनवलं की हो.”

“बनवलं,” गुरुजी म्हणाले. “पहिल्या वर्षी. तेव्हा खरेदी मीच केली होती.”

“मी असतो तर…”

“या वर्षी तुम्हीच करा.”

सर दचकले. दहावी शाळा म्हणून आत घ्या, एवढेच मागायला ते आले होते. मागण्याआधीच सगळी खरेदी हातात आली होती. त्यांनी आढेवेढे घेतले, पण थोडेच. उगाच गुरुजींनी ऐकायला नको.

“खरेदी करणारा दरवर्षी नवा. आणि आमची एक रीत आहे,” गुरुजी म्हणाले. “बाक आले की एकेका शाळेनं पुढं यायचं, पाहून, पारखून आपले उचलायचे. खरेदी करणारा सर्वांत शेवटी.”

“घरचा यजमान शेवटच्या पंगतीला बसतो, तसं?”

“तसंच.”

यात अवघड काय आहे, असे सरांच्या चेहऱ्यावर आले. गुरुजींनी ते पाहिले आणि रिकामा कप उचलला.

सोनकुसरे शेठच्या कारखान्यात वैरागडे सर ज्या तयारीने गेले, त्या तयारीने माणसे कोर्टात जातात. दुपारपर्यंत त्यांनी भाव नऊ शाळांच्या गेल्या वर्षीच्या भावाखाली आणला. शेठने कपाळ पुसले, पाणी मागवले, आणि मग तो एकदम मऊ झाला.

“आणखी उतरवतो सर. पण मग थोडे बाक तसे येतील.”

“तसे म्हणजे?”

“गाठीचं लाकूड. एखाद्याचा एखादा पाय आखूड.” शेठ जवळ सरकला. “दहा शाळा आहेत. इकडे दोन, तिकडे दोन. कुणाला कळतंय?”

सरांनी आजवर भाव पुष्कळ उतरवले होते. उतरलेला भाव बसतो कुठे, हे त्यांना कोणी दाखवले नव्हते. त्यांची मान होकाराच्या बाजूला निघालीच होती.

…

नऊ मुख्याध्यापक बाक पारखून उचलतील. बसून पाहतील, हलवून पाहतील. आणि मग जे कोणीच उचलले नाहीत, ते मैदानात उभे असतील. समोर पळसबोडीचा ट्रॅक्टर असेल.

सर अचानक सज्जन झाले, असे म्हणायचे कारण नाही. त्यांना आपली नववी दिसली, एवढेच.

“कळेल,” सर म्हणाले.

“कुणाला?”

“शेवटच्या पंगतीला.”

शेठला काही समजले नाही. भाव मात्र परत गेल्या वर्षीच्या जागी येऊन थांबला. त्यानंतर बाक तयार होत होते तेवढे दिवस सर शाळा सुटली की कारखान्यात हजर. प्रत्येक बाकावर ते स्वतः बसत. डावीकडे कलत, उजवीकडे कलत, खाली वाकून पाय पाहत, फळीवरून हात फिरवत. ज्याने हूं की चूं केले तो बाक परत आत.

“सर, शाळेला बाक घेताय की मुलीला स्थळ बघताय?” शेठने शेवटी विचारले.

“स्थळ एवढं बघितलं नव्हतं,” सर म्हणाले. ते खरे होते.

वाटपाच्या दिवशी मोहघाटच्या मैदानात बाकांच्या रांगा लागल्या. कोणी कितवे यायचे याच्या चिठ्ठ्या निघाल्या. पळसबोडीची चिठ्ठी घातलीच नव्हती. मुख्याध्यापक एकेक करून पुढे आले. सगळी अनुभवी माणसे. दुसऱ्याच्या कामातली चूक काढण्यात हयात गेलेली. ते बसले, कलले, वाकले. हात झटकून उठले आणि पहिले दिसले तेच बाक उचलून चालते झाले.

उर्दू शाळेच्या नसरीन बाई दरवर्षी निवडायला सर्वांत जास्त वेळ लावत. त्या गुरुजींजवळ येऊन म्हणाल्या, “गुरुजी, यंदा निवडायला काही ठेवलंच नाही यांनी. सगळी मजा गेली.”

गुरुजींनी मान डोलावली. वैरागडे सरांनी हे ऐकले, आणि ऐकले नाही असे दाखवले.

सगळे गेले. पळसबोडीचे बाक तेवढे उरले. सर त्यांतल्या एकावर बसले. डावीकडे कलले. उजवीकडे कलले. बाक हलला नाही.

मग सरांनी उठून ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली.

ट्रॅक्टर भरून झाल्यावर ते गुरुजींच्या कार्यालयात आले. आज त्यांना कोथिंबिरीची किंवा मिरच्यांची गोष्ट सांगायची नव्हती.

“गुरुजी, तुमच्या पहिल्या वर्षी ही रीत नव्हती का?”

“नव्हती.”

“मग ते खराब बाक?”

“बरेच होते. ज्याच्या त्याच्या वाट्याला चार गेले असते.” गुरुजी थांबले. “मी म्हटलं, तुम्ही सगळे आधी उचला.”

…

“सगळे तुमच्याकडेच आले?”

“सुताराला वर्षभर काम मिळालं,” गुरुजी म्हणाले. “एकेक नीट करून घेतला. पोरांना त्रास नको.”

सरांनी त्या बाकाकडे पाहिले. त्या दिवशी त्यांनी त्याला नावे ठेवली होती. आज त्यांना त्यावर बसायचा धीर होईना.

“मग हा एकच तसा का ठेवलात? सुताराला तासाभराचं काम आहे. नाहीतर हा काढा, मी आमच्यातला एक देतो. आमच्या वर्गाला पुरून एक उरतोय.”

“तो बाक तुमच्या नववीत ठेवा. एखादं नवीन पोर येईल.”

“आणि हा?”

गुरुजींनी बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि तो होता तिथेच, खुर्चीसमोर सरकवला.

“राहू द्या. पुढच्या वर्षी नवा खरेदीदार येईल. त्याला बसवू कुठं?”